दोन मेलेल्या माणसांचा लिलाव

दारावर काळ्या रंगाने लिहिलं होतं : टोळीला हवा आहे. रंग अजून ओला होता. ओघळून उंबरठ्यावर आला होता, तो माझ्या चपलेला लागला.

दुपारचे साडेतीन वाजले होते. मी बाजारातून मासा घेऊन आले होते. गल्लीत कुणी नव्हतं. समोरची बाई त्या वेळी पायरीवर भाजी निवडत बसते. तिची टोपली पायरीवर होती, ती नव्हती. भाजी अर्धी निवडलेली.

आमच्या बसऱ्यात हे तीन शब्द ज्याच्या दारावर येतात त्याला अर्थ विचारावा लागत नाही. पहिल्यांदा रंग येतो. मग गोळ्या येतात, भिंतीवर, उंचावर, नुसत्या ऐकवण्यासाठी. तिसऱ्यांदा ऐकवत बसत नाहीत. आणि हवा असतो तो पुरुष. या घरात पुरुष एकच, माझा मुलगा मुहन्नद, वय एकोणीस, जनरेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. ज्या लिखाणापायी तो त्यांना हवा होता ते त्याने लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं होतं.

मी त्याला फोन लावला.

"घरी येऊ नकोस."

"का यम्मा? भात पुन्हा करपवलास?"

"मुहन्नद, हसू नकोस. मामाकडे जा. मागच्या रस्त्याने."

तो अर्थातच सरळ घरी आला, पुढच्या रस्त्याने. दार बघितलं आणि रॉकेलचा डबा शोधायला लागला. रंग निघाला नाही, पसरला.

हे कसं झालं ते सांगते. कुणाची कीव नको म्हणून आधीच सांगते, चूक माझी होती.

माझा नवरा मण्यांचा कारागीर. तसबीहच्या, म्हणजे जपाच्या माळा घडवायचा आणि ओवायचा. मणी खऱ्या कहरब्याचा, म्हणजे जुन्या राळेचा, की कुणी वितळवून ओतलेल्या प्लास्टिकचा, हे अंगठ्याने घासून आणि नाकाशी धरून मी सांगायचे. तो मान हलवायचा आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने सांगायचा. तो गेल्यापासून पाच वर्षं मी ऑनलाइन लिलाव चालवते, त्याच्याच नावाने. पानावर नाव अबू मुहन्नद, म्हणजे मुहन्नदचा बाप, फोटो त्याच्या हातांचा. बाईकडून कहरबा कोण घेतो? बाईला काय कळतं त्यातलं? म्हणून मेलेला माणूस माळा विकत होता, आणि लोक त्याला सलाम लिहीत होते.

रीत साधी. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर मी माळेचा फोटो टाकते. लोक खाली आकडे लिहितात. सूर्य बुडाल्यावर मगरीबची अजान सुरू झाली की बोली बंद. आमच्या गल्लीतल्या मशिदीची अजान, दुसरी कुठलीही नाही. त्या वेळी मी खिडकी उघडी टाकून बसते.

पोरं बोली लावतात हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बापाचा फोन हाताला लागला की सगळ्यात वरचा आकडा लिहायचा, जिंकायचं, आणि गडप. मोठी माणसंही तेच करतात, पण मोठ्यांना शोधता येतं. म्हणून बाकीचे विकणारे नवा माणूस आला की त्याला फोन करतात. कोणाचा तू, कुठला, काय करतोस. दोन मिनिटांत आवाजावरून कळतं की समोर मिशी आहे की दप्तर. मी फोन करू शकत नव्हते. मेलेल्या माणसाच्या नावाने दुकान चालवायचं तर तोंड उघडून चालत नाही.

रमजान संपल्यावर हातिफ एक माळ घेऊन आला. हातिफ बाजारातला दलाल, मोठ्या घरांतलं सामान गुपचूप आणून देणारा. तेहतीस मणी, काकवीच्या रंगाचे, खरे. सहावा मणी तडकलेला, त्यावर चांदीची बारीक तार गुंडाळलेली.

"कोणाची?" मी विचारलं.

"मोठ्या घरातली आहे. नाव विचारू नकोस, उम मुहन्नद. तू तुझं सांगतेस का कुणाला?"

मी माळ ठेवून घेतली.

पहिल्या दिवशी माळ गेली. जिंकणारा 'दक्षिणेचा ससाणा' नावाचा कुणीतरी. अजानच्या आधी अर्धं मिनिट त्याने सगळ्यांच्या वरचा आकडा टाकला. मी निरोप पाठवला. उत्तर नाही. आठवडाभर वाट पाहून माळ पुन्हा लावली. पुन्हा ससाणा, पुन्हा अजानच्या तोंडावर, पुन्हा गडप. तिसऱ्यांदाही तेच. तोवर लोक खाली लिहायला लागले होते : "अबू मुहन्नद, माळ विकायची आहे की नुसती फिरवायची आहे?" "ससाणा पाळलेला दिसतोय, दाणे कोण घालतं त्याला?" म्हणजे मीच खोटा माणूस उभा करून भाव चढवते असं. पाच वर्षांत एक मणी खोटा विकला नाही मी. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

ससाण्याच्या खात्यावर एका म्हाताऱ्याचा फोटो होता. डोक्यावर अगालचा काळा गोफ, पांढरी मिशी, करारी डोळे. नावापुढे टोळीचं नाव. ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

मी तो फोटो घेतला, त्या तोंडावर लाल फुली मारली आणि खाली लिहिलं : हा लबाड. याचं घराणं शब्द देतं आणि पाळत नाही. याची बोली घेऊ नका. मग लिलाववाल्यांच्या सहा गटांत ते टाकून दिलं आणि पीठ मळायला गेले.

आमच्याकडची नातवंडं मेलेल्या आजोबाचा फोटो स्वतःच्या खात्यावर लावतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या भाच्याचा चेहरा मी त्याच्या खात्यावर कधी पाहिलेला नाही, तिथे माझे वडील आहेत. पण डोकं फिरलं की ठाऊक असलेलं कामाला येत नाही.

विकणारा मेलेला होता आणि घेणाराही मेलेला होता. फोटोतला तो म्हातारा, टोळीचा शेख, वारून चौदा महिने झाले होते.

रंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता गोळ्या आल्या. सहा. पाण्याच्या टाकीला दोन लागल्या, आणि मुहन्नदच्या खोलीत छतातून पाणी गळायला लागलं. तो पलंगाखाली होता. मी त्याच्या पायाला धरून होते. गोळ्या थांबल्या तरी मला पाय सोडवेना. त्याने माझी बोटं एकेक करून उचलली.

"पोलिसांकडे जाऊ," मी म्हणाले.

"जाऊ. ते दोघांना धरतील, चौथ्या दिवशी सोडतील. पाचव्या दिवशी काय करायचं यम्मा?"

आमच्या गल्लीतले सय्यद शुब्बर मध्यस्थीला गेले. ऐंशीचा माणूस, दोघांनी धरून गाडीत बसवला. संध्याकाळी परत आले ते शुक्रवार दुपारपर्यंतची मुदत घेऊन. तीन दिवस कुणी हात लावणार नाही. शुक्रवारी दोन्हीकडची माणसं बसणार.

"तू माणसाला नाही शिवी दिलीस, बाई," सय्यद म्हणाले. "कबरीला दिलीस."

"मी माफी मागते. त्यांच्या दारात लोळण घेते."

"मागून झाली. पैसेही कबूल केले, ते होईल काहीतरी. थोरला मुलगा मिजबल ऐकत नाही. म्हणतो, ज्याने माझ्या बापाच्या तोंडावर फुली मारली त्याच्या तोंडावर मी फुली मारणार. सुरीने. भर मजलिशीत म्हणाला."

"लिहिलं मी," मी म्हणाले. "माझ्या तोंडावर मारू दे."

"बाईने लिहिलं हे कळलं तर आगीत तेल. आणि बाईच्या मागे जो पुरुष असतो त्यालाच धरतात. फिरून हाच." त्यांनी काठीने मुहन्नदकडे दाखवलं.

"मीच लिहिलं म्हणून सांगणार आहे," मुहन्नद म्हणाला. "विषय संपला. चहा टाक."

मी चहा टाकला. साखर म्हणून मीठ घातलं. सय्यदांनी सगळा प्यायला.

बुधवारी सकाळी पानावर आवाजी निरोप आला. अनोळखी खातं. मी लावला आणि गॅस बंद केला, कारण आवाज फार बारीक होता.

"अम्मो अबू मुहन्नद, अस्सलाम अलैकुम. हा माझ्या मित्राचा फोन आहे. मी ससाणा. अम्मो, मी लबाड नाही. ती माझ्या आजोबांची माळ आहे. सहावा मणी मीच तोडला होता, दात येत होते तेव्हा चावून. मी वरचा आकडा लिहिला की ती कुणाला मिळत नाही, म्हणून लिहायचो. बाबांनी ती हातिफला दिली, मी गाडीत मागे बसलो होतो. घरात सगळ्यांना सांगितलं की आजोबांबरोबर पुरली. अम्मो, बाबांना सांगू नका मी होतो. ते मला जिवंत ठेवणार नाहीत. तुम्हाला तुमच्या मुलाची शपथ."

मागे शाळेची घंटा वाजली. मी लिहून विचारलं, वय किती? उत्तर आलं : बारा. मोहरमनंतर तेरा.

आवाज फुटलेला नव्हता अजून. ज्याला मी सहा गटांत लबाड म्हणून फिरवलं, तो हा.

मुहन्नदने निरोप तीनदा ऐकला. त्याच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा तरतरी आली.

"सुटलो यम्मा! शुक्रवारी हे मजलिशीत लावायचं. पोराची बोली ती बोलीच नाही, आणि बापाने बापाची माळ विकली. मिजबल तोंड लपवेल. सुरी काय, चमचा उचलणार नाही."

"आणि पोरगा?"

"पोरगा त्यांचा आहे."

"ऐकलंस ना काय म्हणाला ते?"

"पोरं काहीही बोलतात. मी पण म्हणायचो, बाबा मारून टाकतील."

"तुझे बाबा मुंगी ओलांडून जायचे. हा माणूस सुरी घेऊन माझ्या दाराशी येतोय, मुहन्नद. शंभर माणसांसमोर त्याची इज्जत पोराने घालवली, तर घरी जाऊन तो पोराला खाऊ देणार आहे का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मी की तो, असं आहे तर."

मी फोन त्याच्या हातातून घेतला. खरं सांगते, त्या क्षणी मी तो निरोप जपून ठेवला. खोडला नाही. शुक्रवार आला आणि दुसरं काही नसलं तर मी लावला असता. मी काही थोर बाई नाही.

रात्री मुहन्नद झोपला असं वाटून मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले होते. त्याने डोळे न उघडता विचारलं, "फुली कुठे बसेल ते बघतेस?"

गुरुवारी सकाळी मी माळ फडक्यात बांधली, काळा अबाया घेतला आणि भाड्याच्या गाडीने निघाले. मुहन्नदला सांगितलं मामाकडे जाते. गाव तासभर लांब. सगळ्या रस्त्यात माझे दात वाजत होते, आणि बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन होतं. गाडीवाला म्हणाला, "ताप आहे का खाला?" मी म्हणाले, "हो."

शेखच्या घराला बायकांचं दार मागच्या बाजूला, खजुरांमधून. कुत्रा भुंकला. मोलकरणीने विचारलं, "कोण?" मी म्हणाले, "हाजियाला भेटायचंय." आत गेले. मेलेल्या शेखची बायको, हाजिया नशमिया, चटईवर बसून भेंडी चिरत होती. मी सलाम केला नाही. सरळ जाऊन खाली बसले आणि तिच्या अबायाचं टोक मुठीत धरलं.

"हाजिया, मी तुझी दखीला."

सुरी थांबली. या शब्दापुढे आमच्याकडे घरमालकाला दुसरा रस्ता राहत नाही. कापड धरून हे म्हटलं की मी तिच्या आसऱ्याला आले. आता मला कुणी हात लावला तर तो तिला लावला. पण हे तिने कबूल करावं लागतं. तिने सुरी भेंडीच्या ढिगावर ठेवली.

"कोणाची तू?"

"ज्या दारावर तुमच्या लोकांनी रंग मारला, त्या घरातली. उम मुहन्नद."

तिने अबाया ओढून घेतला असता तर मी तिथेच संपले असते. तिने ओढला नाही. म्हणाली, "धरलंस ते धरलंस. आता सोड, टोक फाटेल. बोल."

मी फडकं सोडलं आणि माळ तिच्या मांडीवर ठेवली.

तिला कमी दिसत असावं. ती बघत नव्हती, अंगठ्याने मणी सरकवत होती. एक, दोन, तीन. सहाव्यावर अंगठा थांबला. तारेवरून पुढे मागे फिरला.

"ही मातीत आहे," ती म्हणाली.

"नाही हाजिया."

"मला सांगितलं, कफनात ठेवली."

मी मान खाली घातली.

"कुणी दिली तुला?"

"बाजारातल्या दलालाने. त्याला कुणी दिली, ते मी विचारलं नाही."

"आणि बोली कुणी तोडली? ज्यावरून हे सगळं पेटलं?"

तेवढ्यात चहाची ताटली घेऊन एक मुलगा आत आला. लांबट मान, वर आलेले कान. "चहा, आजी," म्हणाला, आणि मी तो आवाज ओळखला. हाजिया त्याला म्हणाली, "ठेव दिरगाम, खालाला दे आधी. उम मुहन्नद आहे, बसऱ्याहून आलीय." काचेचे पेले ताटलीत वाजायला लागले. त्याने माळ पाहिली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. पेला घेतला आणि पेल्याकडे बघत म्हणाले,

"कुणी मोठा माणूस होता, हाजिया. खोटं खातं. असे पुष्कळ असतात."

मुलगा गेला. हाजिया दाराकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. तिला काय कळलं आणि किती, ते मला आजही माहीत नाही.

मग बाहेर पुरुषाच्या चपला वाजल्या.

मिजबल दारात उभा राहिला तेव्हा खोलीतला उजेड कमी झाला. मोठा देह, बापाचीच मिशी, फक्त काळी. "कोण ही? मोलकरीण सांगते बसऱ्याची."

"माझी दखीला, उम मुहन्नद," हाजिया म्हणाली. "चपला बाहेर काढ."

"यम्मा, ही त्या कुत्र्याची आई आहे! ज्याने बाबांच्या तोंडावर…"

"तोंडावर काय लिहिलं ते मी वाचलं नाही. मला वाचता येत नाही." तिने मूठ उघडली आणि माळ वर धरली. "पण हातात काय आलं ते मला कळतं."

मी आयुष्यात बरीच माणसं घाबरलेली बघितली आहेत. पण त्या माणसाच्या तोंडावर जे आलं ते भय नव्हतं. तो माळेकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि हिशेब करत होता की या बाईला किती माहीत आहे. मी भेंडीकडे बघत बसले. चिरलेली, हिरवी, चिकट. मनात एकच : आता विचारेल.

"उद्या बैठकीत समेटाची कॉफी पिशील," हाजिया त्याला म्हणाली. "पहिल्या घोटात. आणि ही बाई माझ्या गाडीतून घरी जाईल. आता जा, मला भेंडी करायची आहे."

तो गेला. चपला त्याने काढल्याच नव्हत्या.

शुक्रवारी आमच्या बाजूने सतरा माणसं गेली. मी घरी. सय्यदांसमोर कॉफीचा पेला ठेवला, त्यांनी रिवाजाप्रमाणे तो उचलला नाही, मागणं मान्य होईपर्यंत पिणार नाही म्हणाले. मिजबलने मान्य केलं, आणि स्वतःचा पेला आधी संपवला. मुहन्नदने सगळ्यांसमोर माफी मागितली, मी लिहिलेल्याबद्दल. पैसे ठरले, त्यातले अर्धे त्यांनी तिथल्या तिथे सोडले. दुपारी अडीचला तो घरात आला, आणि मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून वळवून वळवून बघितला.

"आहे यम्मा, सगळा आहे. नाक तेवढं बाबांचं, ते काही करता येणार नाही."

मग तो संडासात जाऊन ओकला.

इथेच संपायला हवं होतं. अकरा दिवसांनी फोन आला, असर आणि मगरीबच्या मध्ये. मी आता फोन उचलते, स्वतःच्या आवाजात. पानावर नावही माझं आहे, उम मुहन्नद. अर्धी गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

"मी मिजबल."

मी हातातली माळ खाली ठेवली.

"माझ्या आईच्या अबायाखाली आहेस, तुला हात लावत नाही. एवढंच सांग, ससाणा कोण होता?"

"हाजियाला सांगितलं ना. खोटं खातं."

"माझ्या बापाचा फोटो घरच्यांशिवाय कुणाकडे नाही."

"मयतीला हजार माणूस होतं म्हणतात. हजार फोन होते."

"आवाज कसा होता त्याचा?"

"मी गिऱ्हाइकाला फोन करत नव्हते. अख्ख्या बसऱ्याला माहीत आहे." पहिल्यांदाच ती लाज माझ्या कामाला आली. "कुणी मिशीवाला असेल. पोरांच्या अंगात एवढी हुशारी नसते."

पोरांचं नाव त्याने काढलंच नव्हतं. मी काढलं.

त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या मागे, लांब, कुणीतरी पाठ म्हणत होतं, शाळेचा, भरभर, बारीक आवाजात. मी कान देऊन ऐकत होते. तोही ऐकत होता बहुतेक.

मग माझ्या खिडकीतून मगरीबची अजान आली. थोड्या वेळाने त्याच्या बाजूचीही. पाठ थांबला. त्याने फोन ठेवला.

पोराचा तो निरोप मी त्याच दिवशी खोडला. दारावरचा रंग अजून आहे, राखाडी झालाय. ससाणा परत आला नाही. हाजियाला मी बकरी ईदला फोन केला, दिरगामबद्दल विचारायची हिंमत झाली नाही. सगळे बरे आहेत, ती म्हणाली. सगळे म्हणजे किती ते मी विचारलं नाही.

आता नवा बोलीवाला आला की मी फोन लावते. बऱ्याचदा पोरच उचलतं. बाकीचे विकणारे अशा वेळी शिव्या देऊन बंद करतात. मी आधी आवाज ऐकते, तोच आहे का ते. मग वय विचारते.